आकडे ऐकायला उमरेडला

नागपूरहून उमरेड एसटीने सव्वा ते दीड तास. एवढ्या अंतराचं प्रवासवर्णन लिहायची रीत नाही. लोक युरोपला जातात, परत येतात आणि मग लिहितात. मी युरोपातल्या एका बाईंना घेऊन उमरेडला गेलो आणि दुसऱ्या दिवशी परत आलो. धरमपेठेतल्या माझ्या ओळखीच्या निम्म्या लोकांनी उमरेड फक्त गाडीच्या काचेतून पाहिलं आहे, तेही पुढे वाघ बघायला जाताना. तिथे उतरावं असं काय आहे, ते त्यांना सांगावं म्हणून हे लिहितो आहे.

शुक्रवार, नागपूर

हालिनाबाई पोलंडच्या. वय साठीच्या पुढे, बांधा उंच, पांढरे केस मानेपर्यंत कापलेले. एका महाविद्यालयाच्या आंतरराष्ट्रीय चर्चासत्राला त्या आल्या होत्या. चर्चासत्र आंतरराष्ट्रीय होतं ते त्यांच्या एकट्यांमुळे. मी निवृत्त ग्रंथपाल. अशा कार्यक्रमांच्या पहिल्या दोन रांगा भराव्या लागतात, तिथे माझा उपयोग होतो.

दीपप्रज्वलनाला पाच मान्यवर होते, पाच वाती होत्या, एक काडेपेटी होती आणि डोक्यावरचा पंखा बंद करायचं कोणालाच सुचलं नाही. मग स्वागत झालं, मग स्वागत करणाऱ्यांचं स्वागत झालं. बाईंना शाल मिळाली, नारळ मिळाला आणि दोन्ही हातांनी उचलूनही डळमळेल असं एक काचेचं स्मृतिचिन्ह मिळालं. बोलायला मात्र सात मिनिटं मिळाली. त्यांनी आयुष्यभर एकच विषय केला आहे: पोलिश, रशियन, चेक, बल्गेरियन अशा स्लाव्ह भाषांमधले आकडे आले कुठून आणि बदलत गेले कसे. हे सात मिनिटांत सांगायचं म्हणजे रामायण जिना उतरता उतरता सांगण्यासारखं. अध्यक्षांनी समारोपात “शून्य आपण दिलं” एवढं बजावलं, टाळ्या झाल्या आणि विषय निकाली निघाला.

उरलेलं भाषण बाईंनी मला जेवणाच्या ताटावर दिलं. त्यांचं हिंदी पुस्तकातलं, धुऊन इस्त्री केलेलं. “क्या मैं आपके समीप आसन ग्रहण करूँ?” असं विचारून त्या बसल्या आणि त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. द्वा, त्शी, च्तेरी. दोन, तीन, चार. पाचाला प्येंच. त्यांच्याकडे मुठीचा शब्दही या पाचाच्याच घरातला असावा, असं पुष्कळ जाणकार मानतात, कारण मूठ म्हणजे पाच बोटं. शंभराला स्तो, म्हणजे आपलं शत. दोनशेला द्व्येश्चे. अकराला त्यांचे पूर्वज ‘दहावर एक’ म्हणत, बाराला ‘दहावर दोन’, जणू ओंजळ भरल्यावर वरून टाकलेले दाणे. चाळिसाला बहुतेक स्लाव्ह भाषा ‘चार दहा’ म्हणतात, पण रशियन मात्र ‘सोरक’ म्हणतात. तो शब्द म्हणे फरच्या कातड्यांच्या गठ्ठ्यावरून आला असावा, एका गठ्ठ्यात चाळीस कातडी. पोलंडच्या खेड्यांत साठ अंड्यांना किंवा साठ पेंढ्यांना ‘कोपा’ म्हणत. कोपा म्हणजे ढीग.

“आपल्याकडे कापडवाले वीस नगांना कोडी म्हणतात,” मी सांगितलं.

बाईंनी हात धुवायच्या आधी वही काढली. तिच्यावर पडलेला वरणाचा डाग माझ्यामुळे पडला.

मग त्यांनी खरी इच्छा सांगितली. पुस्तकातले आकडे त्यांच्याकडे पोत्याने होते. माणसं काम करताना तोंडाने मोजतात, ते त्यांना ऐकायचं होतं. नागपुरात हे अवघड. आम्ही भाव मराठीत करतो, भांडतो हिंदीत आणि मोबाइल नंबर इंग्रजीत सांगतो. मी म्हटलं, उद्या मी उमरेडला चाललो आहे, चला.

मी चाललो होतो मोतीरामदादाकडे. दादा माझा चुलतभाऊ, चौऱ्याहत्तर वर्षांचा. आमच्या आजोबांपर्यंत घरात हातमाग होते. माझे वडील नागपुरात कारकून झाले, काका उमरेडलाच राहिले. त्यांचा मोतीराम मागावर न बसता धान्यबाजारात मापारी झाला. मापारी म्हणजे शेतकऱ्याचं धान्य व्यापाऱ्याला मापून देणारा. त्याने मोठ्याने जो आकडा म्हणावा तो दोघांनीही मान्य करायचा. आधी पायली होती, मग तराजू आला, तरी मोजणी दादाच्या तोंडीच राहिली. गणपतीनंतर दादाला लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पाय थोडाफार परतला, पण चार महिन्यांत तोंडून एक शब्द आला नव्हता. त्याला काही कळतं की नाही, हेही आता कोणी खात्रीने सांगेना. भेटायला येणारे नातेवाईक त्याच्यादेखतच त्याच्याबद्दल बोलू लागले होते. त्याला कळतं, असं म्हणणारी एकटी वहिनी उरली होती आणि तिचाही धीर आता सुटत होता.

शनिवार सकाळ, रस्ता

बसमध्ये बाईंनी कंडक्टरला विचारलं, “महोदय, क्या मैं यह स्थान ग्रहण कर सकती हूँ?”

“ग्रहण-बिहण काही नाई मावशी, बसा,” कंडक्टर म्हणाला आणि मला म्हणाला, “कोणत्या सिरियलमधून आणली गा काका?”

बाईंना ‘गा’ फार आवडला. माणसाला जवळ घेणारं एवढं लहान अक्षर त्यांनी आधी ऐकलं नव्हतं. वहीत तोही गेला.

जानेवारीतली सकाळ होती. शेतात तूर उभी होती, शेंगा भरलेल्या. धानाच्या कापलेल्या बांध्या पिवळ्या पडल्या होत्या. मध्येच कोळशाचे ट्रक येत आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर समान न्यायाने धूळ टाकून जात. उमरेड जवळ आलं की खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर दिसतात. बाईंनी विचारलं, हे डोंगर किती जुने? मी म्हटलं, माझ्यापेक्षा लहान आहेत. त्या म्हणाल्या, त्यांच्या मामाच्या गावी असेच डोंगर आहेत आणि तिथली मुलं त्यावरून बर्फात घसरतात. आमच्या डोंगरावरून घसरायची सोय अजून झालेली नाही.

एकोणीस म्हणजे विसाला एक उणा, हे ऐकून त्या एवढ्या हसल्या की पुढच्या सीटवरच्या आजीने वळून पाहिलं. “काय झालं गा बाईले?” आजीने मला विचारलं. एकोणीसवर हसल्या, असं मी सांगितलं. आजीने मान हलवली आणि पुन्हा समोर तोंड केलं.

बाजार

धान्यबाजारात मी बाईंना मोठ्या विश्वासाने नेलं आणि तोंडघशी पडलो. तुरीचे ढीग होते, पोती होती, हमाल होते, पण मोजणारं कोणीच नव्हतं. पोतं इलेक्ट्रॉनिक काट्यावर जात होतं, काटा ‘टी’ करत होता आणि चिठ्ठी बाहेर येत होती. बाईंनी आपलं रेकॉर्डिंगचं यंत्र काट्याशेजारी ठेवलं आणि ते बंद करायला विसरल्या. त्यात पाऊण तास फक्त ‘टी’ भरला आणि बॅटरी संपली. स्लाव्ह आणि मराठी आकड्यांचा तौलनिक अभ्यास तिथेच थांबला.

शेषराव नावाचा एक वयस्क हमाल पोत्यावर बसून तंबाखू मळत होता. मी विचारलं, “तोंडानं मोजत नाही का आता कोणी?”

“कशाले मोजतील? आता काटा बोलते, माणूस चूप राहते,” तो म्हणाला. मग माझ्याकडे नीट बघून, “तुम्ही मोतीरामभाऊचे काय? चेहरा दिसते थोडा. भाऊ मोजाले लागले का आम्ही खोकलत बी नव्हतो. मंधात आवाज झाला तर पुन्हा पहिल्यापासून मोजत.” तो थांबला. “बोलले का काही?”

“नाही.”

“बोलतील,” शेषराव म्हणाला, पण हाताकडे बघत.

दादाचं घर

दादा ओसरीवर खाटेवर बसला होता, पाठीला उशी, अंगात धुतलेली बंडी. वहिनीने बाईंना पाहिलं, पदर सारखा केला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, “तिखट खाते का भाऊजी ही?”

खातात, असं मी बाईंच्या वतीने सांगितलं. तो माझा दुसरा पराभव. पाटवडीच्या रश्श्याचा पहिला घास घेतल्यावर बाईंनी आधी पाण्याचा पेला रिकामा केला. मग डोळे पुसत म्हणाल्या, “अत्यंत स्पष्ट भोजन है.” वहिनीने त्यांच्या ताटात ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी वाढली, भाकरीवर तुपाचा गोळा ठेवला आणि जवळ बसून त्यांना लेकीसारखं जेवू घातलं. पोलंडमध्ये पाहुण्याला दारात भाकरी आणि मीठ देण्याची जुनी रीत आहे म्हणे. वहिनीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आणि भाजी?”

जेवणं झाल्यावर आम्ही ओसरीवर शेंगा सोलत बसलो. दादा आमच्याकडे बघत होता. समोरच्या भिंतीवर मी केलेला तक्ता होता. स्पीच थेरपिस्टने सांगितलं होतं की गेलेली भाषा कधीकधी पाठ असलेल्या गोष्टींवाटे परत येते, म्हणून आकडे म्हणवून घ्या, पहिला तुम्ही म्हणा, पुढचे त्यांना म्हणू द्या. दादासारख्या माणसाला तर आकडेच आधी यायला हवेत, असं मी घरात ठासून सांगितलं होतं. पांढऱ्या पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरात एक, दोन, तीन लिहून मीच तो दिवाळीत लावून गेलो होतो. अक्षराचं कौतुक झालं होतं. बाकी काही झालं नव्हतं.

चार वाजले तशी वहिनी शेंगा बाजूला ठेवून दादासमोर स्टुलावर बसली.

“म्हणा, एक.”

दादाने तक्त्याकडे पाहिलं.

“एक. पाहा माह्या तोंडाकडं. ए-क.”

दादाने ओठ मिटले आणि मान वळवली.

“पाहा भाऊजी,” वहिनी म्हणाली. “रोज तीनदा म्हणतो मी. तोंड उघडत नाईत. डॉक्टरीण म्हणते, एकदा सुरू झालं का पुढचं आपोआप येते. सुरूच होऊन नाई राहिलं.” तिचा आवाज खाली गेला. “ज्या माणसानं जन्मभर मोजलं, त्याले एक म्हणता येत नसन, तर मंग आत काय राहिलं असन?”

सांत्वनाची वाक्यं माझ्याकडे भरपूर असतात, पण वहिनीसमोर ती टिकत नाहीत.

हालिनाबाईंनी विचारलं, “वे गिन क्या रहे हैं?”

मला प्रश्न कळला नाही. त्या म्हणाल्या, मोजायला काही वस्तू तर हवी. आणि हा ‘एक’ कशाला? त्यांच्याकडे एकाला ‘येडेन’ म्हणतात, तो शाळेतला, कागदावरचा एक. पण हाताने वस्तू मोजताना येडेन कोणी म्हणत नाही. तेव्हा ‘रझ’ म्हणतात. रझ म्हणजे एकदा, एक वार, एक खेप. रझ, द्वा, त्शी. रशियनसुद्धा तसंच. बाईंची आजी कोठारात पेंढ्या मोजायची ती रझपासून. तिच्यासमोर उभं राहून कोणी येडेन म्हटलं असतं, तर शाळामास्तर परीक्षा घ्यायला आला असं वाटून ती गप्पच बसली असती.

मी हे वहिनीला मराठीत सांगितलं. माहिती म्हणून सांगितलं, त्यात काही दडलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

वहिनीने भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “भाऊजी, हे बाजारात एक म्हणत होते काय?”

“म्हणजे?”

“कोणताच मापारी पहिल्या मापाले एक म्हणत नाई. लाभ म्हणते. लाभ, दोन, तीन.” तिने दादाकडे पाहिलं. “चार महिने मी काय म्हणून राहिलो यायले?”

हे मला माहीत होतं, आणि इथे ते कबूल केलंच पाहिजे. धान्य मोजताना पहिलं माप लाभाचं, एक म्हणून सुरुवात करायची नाही, ही रीत मी पुस्तकांत वाचली होती. लहानपणी सुट्टीत दादाच्या मागे बाजारात जाऊन कानांनी ऐकलीही होती. आणि तक्ता करायला बसलो तेव्हा पुठ्ठा, स्केच पेन, अक्षराचं वळण, सगळं आठवलं आणि ज्याच्यासाठी तो होता तो माणूस कसा मोजायचा ते आठवलं नाही. पस्तीस वर्षं पुस्तकं जागच्या जागी ठेवणाऱ्या माणसाची ही चूक.

वहिनी आत गेली आणि तांदळाचा डबा, रिकामी घमेली आणि रोजचं मापटं घेऊन आली. खाटेवर दादाशेजारीच बसली. मापटं भरलं, बोटाने वरचा ढीग सारखा केला आणि घमेलीत ओतलं.

“लाभ,” ती म्हणाली.

तिने दुसरं मापटं भरलं आणि ओतलं.

“दोन,” दादा म्हणाला.

आवाज त्याचा नव्हता, गंजलेल्या कडीसारखा होता. वहिनीचा हात जागीच थांबला. हालिनाबाईंनी तिच्या गुडघ्याला हात लावला आणि डब्याकडे खूण केली. वहिनीने पुन्हा भरलं.

“तीन.”

“चार.”

पाचाला आवाज फुटला, सातापर्यंत स्थिरावला, दहापासून त्याला ठेका आला. माप पडलं की आकडा, आकडा आला की माप. अकरा जरा अडलं, बारा सरळ आलं. वहिनीच्या गालावरून पाणी वाहत होतं, पण पुसायला ती थांबली नाही. दादा मोजत असताना मध्ये थांबायचं नसतं, हे तिला शेषरावपेक्षा चांगलं माहीत होतं. सोळा, सतरा, अठरा, एकोणीस.

“वीस,” दादा म्हणाला आणि थांबला.

मला वाटलं, दमला. खरं सांगायचं तर माझ्या मनात त्याहून वाईट शंका होती. हे नुसतं जिभेच्या सवयीने येत असेल, उतारावरून गोटा घरंगळावा तसं, आत कोणी नसेल. दादाने डावा हात उचलला. तो हात हळूहळू घमेलीत गेला, त्याने मूठभर तांदूळ घेतले आणि ती मूठ खाटेवर, गोधडीच्या कोपऱ्यावर, नीट रिकामी केली.

“वीस मापं झाली का एक मूठ बाजूले ठेवा लागते,” वहिनी आमच्याकडे न बघता म्हणाली. “मंग पुन्हा लाभपासून. शेवटी मुठी मोजतात.”

गोटा विसावर थांबून मूठ बाजूला ठेवत नाही.

वहिनीने मापटं भरलं होतं, पण ती गोधडीवरच्या त्या मुठीकडेच बघत होती. मापटं तसंच हातात होतं. दादाने तिच्याकडे बघितलं, तिने ओतायची वाट पाहिली, आणि ती ओतत नाही हे पाहून त्यानेच सांगितलं, “लाभ.”

रविवार, परत

सकाळी निघताना वहिनीने बाईंना सोल्यांची पिशवी दिली आणि कुंकू लावलं. बाईंनी शुक्रवारची चर्चासत्राची शाल वहिनीच्या खांद्यावर घातली. अध्यक्षांनी घातली होती त्यापेक्षा ती तिथे चांगली दिसली. बसमध्ये त्या वहीत लिहीत होत्या. मी विचारलं, कालचं सगळं लिहिलं का? त्या म्हणाल्या, फक्त ‘लाभ’ लिहिला, बाकी लेखात बसणार नाही. मग खिडकीबाहेर बघत त्यांनी मला त्यांच्या आजीचं नाव सांगितलं. ते मला अजून नीट उच्चारता येत नाही.

बाई पोलंडला परतल्या त्याला आता दोन महिने झाले. त्यांचे मी काय आभार मानणार? पत्र लिहिलं, इस्त्रीच्या हिंदीत, त्यांना समजावं म्हणून. थेरपिस्टने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की फार मोठ्या आशा धरू नका, पण दार उघडलं आहे. दादा आता मोजण्याखेरीज सहा-सात शब्द बोलतो. त्यातला ‘नाई’ सगळ्यात स्पष्ट आहे आणि तो दिवसभर वापरात असतो.

हे मला वहिनीच्या फोनवरून कळतं. परवा ती तक्रारच करत होती. “भाऊजी, आम्ही दोघंच इथं. दोन मापटे तांदूळ लागतात. पण मी डबा उघडला का हे खाटेवरून म्हणतात, लाभ. आणि वीस झाल्याबिगर आयकतच नाईत. रोज अठरा मापटे परत डब्यात भरा लागते मले.”

“मग थांबवायचं त्याला,” मी म्हटलं.

“काहून थांबवू?” वहिनी म्हणाली.